पसंतीक्रमाची परीक्षा

दहावीची परीक्षा दोनदा द्यावी लागते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. पहिली परीक्षा मंडळ घेते आणि ती एकटा विद्यार्थी देतो. दुसरी निकालानंतर सुरू होते आणि ती सारे घर देते. पहिलीचा अभ्यासक्रम ठरलेला असतो, तिच्यासाठी शिक्षक असतात, जुन्या प्रश्नपत्रिका असतात, नापास झाल्यास पुरवणी परीक्षेचीही सोय असते. दुसरीसाठी यांपैकी काहीच नसते. शेजारच्या मुलाने काय केले, मावशीच्या दिरांनी काय सांगितले, क्लासच्या जाहिरातीत काय छापून आले, एवढ्याच भांडवलावर सोळा वर्षांच्या मुलाच्या पुढील दोन वर्षांचा, आणि पुष्कळदा त्यापुढील आयुष्याचाही, निर्णय घेतला जातो. गुणपत्रिकेतील अर्ध्या टक्क्यासाठी वर्षभर जीव टाकणारी कुटुंबे या निर्णयाला मात्र जेमतेम दोन संध्याकाळी देतात, हे आश्चर्यकारक आणि तितकेच चिंताजनक आहे.

वास्तविक, जागा कमी आणि उमेदवार फार अशी स्थिती निदान अकरावीला तरी नाही. २०२५ मध्ये दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि साडेचौदा लाखांच्या आसपास विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशपद्धती सबंध राज्याला लागू करण्यात आली. तोवर ती मुंबई महानगर प्रदेश, पुणे व पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्या क्षेत्रांपुरती मर्यादित होती. या पद्धतीत नऊ हजारांहून अधिक कनिष्ठ महाविद्यालये आणि वीस लाखांहून अधिक जागा होत्या. म्हणजे उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाने अकरावीतच जायचे ठरवले आणि अन्य मंडळांचे विद्यार्थीही त्यांत मिळवले, तरी लाखो बाके रिकामी राहणारच. मग ही धावपळ, हे जागरण आणि ही रडारड कशासाठी? उत्तर सरळ आहे. जागा पुष्कळ आहेत. भरवशाची महाविद्यालये थोडी आहेत. प्रत्येक शहरात मोजकीच चार नावे सर्वांच्या ओठांवर असतात आणि सारी गर्दी त्या चार दारांशी होते. प्रवेशाचा प्रश्न हा मुळात टंचाईचा नसून विश्वासाच्या टंचाईचा आहे.

नियमांचा बदलता खेळ

या प्रश्नाचे मूळ जुने आहे. कोठारी आयोगाच्या १९६६ मधील अहवालानंतर १०+२+३ हा आकृतिबंध देशाने स्वीकारला. महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि अकरावी-बारावीसाठी कनिष्ठ महाविद्यालय नावाची नवी संस्था जन्माला आली. ती नावाने महाविद्यालय, कामाने शाळा आणि शिस्तीच्या बाबतीत बहुधा दोहोंपैकी काहीच नाही, अशी तिची अवस्था राहिली. विद्यार्थी मात्र तिच्या दारातून वकील, डॉक्टर, अभियंता, लेखापाल होण्यासाठी जात असल्याने त्या दारावरील गर्दी वाढतच गेली आणि गर्दीला आवर घालण्यासाठी नियमांवर नियम आले.

गेल्या दोन दशकांचा इतिहास पाहिला, तर या नियमांनी विद्यार्थ्यांची किती परवड केली ते कळून येते. वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका मापात आणण्यासाठी २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आले. ते उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी ९० टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला. तोही न्यायालयाने रद्द केला. २०१० मध्ये उत्तम गुणांचे पाच विषय धरण्याचे धोरण आले. ते उच्च न्यायालयात अडखळून शेवटी सर्वोच्च न्यायालयात तरले. करोनाच्या साथीमुळे दहावीची परीक्षा न झालेल्या २०२१ मध्ये अकरावीसाठी सामाईक प्रवेश परीक्षा जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये, परीक्षा तोंडावर आली असताना, तीही न्यायालयाच्या आदेशाने बारगळली. यांतील एकेका निर्णयामागचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. परंतु प्रत्येक वेळी प्रयोगशाळेतला बेडूक झाला तो विद्यार्थीच. यावरून विद्यार्थ्यांनी व पालकांनी घ्यावयाचा पहिला धडा असा, की थोरल्या भावाच्या वेळचे नियम धाकट्या बहिणीला लागू असतील असे गृहीत धरू नये. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका आणि वेळापत्रक स्वतः, अथपासून इतिपर्यंत, वाचावे. ऐकीव माहितीवर अर्ज भरणाऱ्याला पुढे दाद मागायला जागा राहत नाही.

चातुर्य नको, प्रामाणिकपणा हवा

प्रवेशअर्जात सर्वांत महत्त्वाचा भाग पसंतीक्रमाचा. २०२५ मध्ये विद्यार्थ्याला कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा महाविद्यालये पसंतीने लावता येत होती. याच यादीत बहुसंख्य घरे चुकतात, आणि चुकतात ती अज्ञानाने नव्हे, तर अतिचातुर्याने. "मोठ्या महाविद्यालयाचे नाव पहिले घातले आणि ते मिळाले नाही, तर दुसरेही हातचे जाईल, त्यापेक्षा मिळण्यासारखेच नाव वर घालावे," हा सल्ला गल्लोगल्ली मोफत मिळतो. तो चुकीचा आहे. केंद्रीय पद्धतीत गुणवत्तेच्या क्रमाने एकेका विद्यार्थ्याची यादी वरून खाली पाहिली जाते आणि जेथे जागा शिल्लक असेल असे पहिले नाव त्याला मिळते. ८४ टक्क्यांच्या मुलाने एखादे महाविद्यालय तिसरे लिहिले आणि ८३ टक्क्यांच्या मुलाने तेच पहिले लिहिले, तरी त्याच प्रवर्गातील त्या जागेवर पहिला हक्क ८४ टक्केवाल्याचाच. पसंतीचा क्रमांक हा विद्यार्थ्याच्या इच्छेचा क्रम आहे. स्पर्धेतील क्रम गुणांनी ठरतो. म्हणून ज्या क्रमाने महाविद्यालये खरोखर हवी आहेत, त्याच क्रमाने ती लिहावीत, यात धोका नाही.

धोका आहे तो दुसरीकडे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. २०२५ च्या नियमानुसार पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. न घेणाऱ्याला पुढील नियमित फेऱ्यांतून बाद व्हावे लागे आणि अखेरच्या, सर्वांसाठी खुल्या फेरीची वाट पाहावी लागे. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचे मिळाल्यास मात्र थांबण्याची मुभा होती. तेव्हा मित्र जातो म्हणून, किंवा नाव ऐकून आहे म्हणून, जेथे प्रत्यक्षात जायचे नाही असे नाव पहिल्या ओळीत घालणे म्हणजे आपल्याच हाताने दार लावून घेणे होय. आणि थांबायचे ठरवले, तर सोडलेली जागा कोणी राखून ठेवत नाही, हेही ध्यानात ठेवून थांबावे.

दहा नावांची यादी करताना तिचे तीन भाग मनाशी कल्पावेत. पहिली दोन-तीन नावे गुणांपेक्षा थोडी वरची असावीत. मधली चार-पाच गुणांच्या आसपासची असावीत. शेवटची दोन तरी अशी असावीत, की जी नक्की मिळतील आणि मिळाल्यास मुलगा आनंदाने नव्हे, पण समाधानाने जाईल. गुणांचा अंदाज घेण्यासाठी मागील वर्षीचे कटऑफ पाहावेत. परंतु ते पंचांग नव्हे. कटऑफ म्हणजे त्या फेरीत, त्या प्रवर्गात, त्या तुकडीत प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण. एवढाच त्याचा अर्थ. निकाल वर-खाली झाला, एखादी तुकडी वाढली वा बंद पडली, की आकडा सरकतो. गेल्या एका वर्षाऐवजी तीन वर्षांचे आकडे आणि पहिल्या फेरीबरोबर तिसऱ्या फेरीचाही आकडा पाहिला, तर पुष्कळशी भीती आपोआप ओसरते.

याखेरीज एक बारकावा कारकुनी वाटेल, पण खिशाशी संबंधित आहे. एकाच महाविद्यालयात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असू शकतात. इमारत एक, पुष्कळदा शिक्षकही तेच, परंतु शुल्कात जमीन-अस्मानाचे अंतर. अर्जात त्यांचे सांकेतिक क्रमांक वेगळे असतात. नाव पाहून क्रमांक न पाहणाऱ्या कित्येक पालकांना शुल्काची पावती हातात पडल्यावरच हा फरक उमगतो. तसेच घरापासूनच्या अंतराचे. दीड तास जायला आणि दीड तास यायला लागणारे नामांकित महाविद्यालय हे रोज तीन तासांचा अभ्यास गिळणारे महाविद्यालय असते. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. परंतु महाविद्यालय सुटण्याच्या वेळेनंतर गावाकडे जाणारी गाडीच नसेल, तर त्या पासाचा उपयोग काय? अर्ज भरण्यापूर्वी एकदा त्या रस्त्याने, त्या वेळी, प्रत्यक्ष जाऊन यावे. संकेतस्थळावरील छायाचित्रांपेक्षा ती एक फेरी अधिक शिकवते.

कागदाची किंमत

गुण असूनही प्रवेश हुकतो, तो बहुतेक वेळा कागदावाचून. शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका शाळेतून मिळतात. पण जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीने मिळतो, उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून आणि जात वैधता प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून. प्रत्येकाला आपापला वेळ लागतो आणि निकालानंतर सारा जिल्हा एकाच खिडकीशी उभा असतो. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणजे गेल्या वर्षी काढलेले प्रमाणपत्र जूनमध्ये निरुपयोगी ठरू शकते, हेही ऐन वेळी कळते. ही वरातीमागून घोडी टाळायची, तर दाखल्यांचे काम परीक्षा संपताच हाती घ्यावे. अभियांत्रिकी, वैद्यकीय यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागेवर जाऊ इच्छिणाऱ्याने वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव अकरावीतच महाविद्यालयामार्फत पाठवावा. बारावीच्या निकालाची वाट पाहत बसणाऱ्याच्या हातून जागा जाते आणि दोष मात्र आरक्षणाच्या किंवा गुणांच्या माथी मारला जातो.

या कामी शाळेचे कार्यालय पुष्कळ करू शकते. आधारकार्डावर एक नाव, दाखल्यावर दुसरे आणि गुणपत्रिकेवर तिसरे, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरची आहे. वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद नववीतच तपासून देणारा शाळेतील कारकून एखाद्या मुलाचे जेवढे कल्याण करतो, तेवढे क्वचितच एखादा मार्गदर्शन मेळावा करीत असेल. विद्यार्थ्यानेही दोन पथ्ये पाळावीत. अर्ज सायबर कॅफेत भरला, तरी मोबाइल क्रमांक स्वतःचा किंवा घरच्यांचा द्यावा आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवावा; पुढच्या प्रत्येक फेरीचा संदेश त्याच क्रमांकावर येतो. आणि अर्ज भरून झाल्यावर तो लॉक झाल्याची खात्री करून छापील प्रत घ्यावी. अर्धवट सोडलेला अर्ज संगणकाच्या दृष्टीने न भरलेलाच असतो.

शाखा आणि शिकवणी

महाविद्यालयाच्या नावावर रात्र रात्र खल करणारी घरे शाखेचा निर्णय मात्र निकालाच्या आकड्यावर सोपवतात. नव्वदच्या वर विज्ञान, पंचाहत्तरच्या वर वाणिज्य आणि उरलेल्यांना कला, ही उतरंड कोणत्याही शासननिर्णयात नाही. ती केवळ मनात आहे आणि म्हणूनच मोडायला अवघड आहे. यात एक व्यवहार ध्यानात ठेवण्यासारखा आहे. विज्ञान शाखेतून पुढे वाणिज्य वा कला शाखेकडे वळता येते, उलटा प्रवास जवळजवळ अशक्य असतो. पण या सोयीपोटी, भौतिकशास्त्राची धास्ती असलेल्या मुलाला दोन वर्षे विज्ञानात कोंडून ठेवणे हा शहाणपणा नव्हे. विधीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर कोणत्याही शाखेला खुला आहे; सनदी लेखापालाच्या परीक्षेलाही शाखेची अट नाही. याउलट अकरावीला गणित सोडणाऱ्याने अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्राचा विचारही सोडलेला असतो, आणि हे त्याला तेव्हाच सांगितले गेले पाहिजे. तंत्रनिकेतन आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था या दहावीनंतरच्या दोन सरळ वाटा तर कित्येक घरांत चर्चेलाही येत नाहीत. हाताला लवकर काम हवे असलेल्या कुटुंबाने त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही.

शाखेइतकाच गंभीर प्रश्न आहे तो नावापुरत्या महाविद्यालयांचा. विद्यार्थ्याचे नाव कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर आणि विद्यार्थी दिवसभर खासगी शिकवणीवर्गात, अशी सोयरीक राज्यात ठिकठिकाणी जमली आहे. तिला आळा घालण्यासाठी शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला; परंतु आदेशाने हजेरी लागते, शिक्षण लागत नाही. ज्या महाविद्यालयात वर्ग भरत नाहीत, प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप असते आणि ग्रंथालय म्हणजे दोन कपाटे, ते कितीही सोयीचे असले तरी पसंतीक्रमात येता कामा नये. शिकवणीला जायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न आहे. पण महाविद्यालय आणि शिकवणी असे दुहेरी शुल्क भरून एकाच ठिकाणी शिकण्याचा करार कोणत्याही सुजाण पालकाने करू नये. ऐपत नसलेल्या मुलाचा तर त्यात पुरता बळी जातो. कारण ज्या महाविद्यालयाने सर्वांना शिकवणीवर सोडले, त्याने शिकवणी न परवडणाऱ्याला वाऱ्यावर सोडलेले असते.

बारावीनंतरची फसगत

हीच सावधगिरी दोन वर्षांनी अधिक दक्षतेने पाळावी लागते, कारण तेव्हा रकमा मोठ्या असतात. सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के गुण नव्हेत. शंभरांतील नव्वद परीक्षार्थी आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे न कळल्याने कोणी उगाच हुरळून जातो, कोणी उगाच खचतो. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे दार राज्यात १९८३ मध्ये उघडले आणि त्यापाठोपाठ देणग्यांचा बाजारही उभा राहिला. प्रवेशासाठी देणगी घेण्यास बंदी घालणारा कायदा राज्याने १९८७ मध्येच केला आहे. तरीही "व्यवस्थापनाच्या कोट्यातील शेवटची जागा" विकणारे मध्यस्थ दर जूनमध्ये उगवतात. पावती न देणाऱ्याला पैसा द्यायचा नाही, हा नियम किराणा दुकानात पाळणारा गृहस्थ मुलाच्या प्रवेशाच्या वेळी तो का विसरतो?

घाईत कोट्यातून प्रवेश घेणारा आणखी एक गोष्ट गमावतो. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. ही सवलत केंद्रीय प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशाला आहे, व्यवस्थापनाच्या कोट्याला नाही. म्हणजे एक फेरी थांबण्याचा धीर न केल्याने काही लाखांची सवलत हातची जाते. शुल्क परवडत नाही म्हणून मुलीचे शिक्षण थांबवण्यापूर्वी प्रत्येक पित्याने हा निर्णय निदान एकदा वाचावा, आणि वाचता येत नसेल तर शाळेच्या शिक्षकांनी तो वाचून दाखवावा.

जबाबदारी कोणाची?

विद्यार्थ्यांना इतका उपदेश केल्यावर शासनालाही दोन शब्द सुनावणे न्यायाचे ठरेल. २०२५ मध्ये राज्यव्यापी प्रवेशाचे संकेतस्थळ २१ मे रोजी, पहिल्याच दिवशी, कोलमडले आणि नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली. पहिल्या फेरीची निवडयादी जून संपता संपता लागली. पंधरा लाख मुलांची गर्दी अनपेक्षित नव्हती. तिची तारीख आणि संख्या दोन्ही मंडळाच्या दप्तरात वर्षभर आधीच नोंदलेली असतात. ज्या गावात वीज आणि इंटरनेट यांचा लपंडाव चालतो, तेथील मुलाला शहरातल्या मुलाइतकेच दिवस देणे ही समानता नव्हे. आणि मूळ प्रश्न संकेतस्थळाचा नाहीच. लाखो जागा रिकाम्या राहत असतानाही चार दारांशी गर्दी होते, याचा अर्थ उरलेली दारे लोकांना उघडी वाटत नाहीत. तेथे शिक्षक नेमणे, प्रयोगशाळा चालवणे, तपासणी करणे हे काम संगणक करू शकणार नाही. यादी पारदर्शक झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण यादीतील नावे विश्वासार्ह करणे हे त्याहून मोठे कर्तव्य आहे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर शिक्षकांनी निरोपसमारंभाच्या भाषणांतील एक तास कमी करून तो पसंतीक्रम समजावण्यास द्यावा. पालकांनी मुलाला "तुला काय जमते?" एवढा एक प्रश्न निकालापूर्वीच विचारावा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावे. विद्यार्थ्यानेही एक लक्षात ठेवावे, की पहिल्या पसंतीचे महाविद्यालय न मिळालेली असंख्य माणसे पुढे आपापल्या क्षेत्रात पहिल्या पसंतीची ठरली आहेत. प्रवेशाची यादी गुणांनी लागते आणि दोन महिन्यांत जुनी होते. त्यानंतर रोज सकाळी वर्गात जाऊन बसण्याची पसंती ज्याची त्यालाच द्यावी लागते, आणि ती भरण्यासाठी कोणतेही संकेतस्थळ नाही.